शालिनीताई आणि तीन पायांची माणसं

गेल्या महिन्यात आमच्या हूफडॉर्पच्या ऑफिसात फोटोवाला आला होता. कंपनीच्या वेबसाइटवर सगळ्यांचे नवे फोटो हवे होते. मीटिंग रूममध्ये राखाडी कापड टांगलेलं, आणि जे टी-शर्टमध्ये आले होते त्यांच्यासाठी खुर्चीच्या पाठीवर एक निळा ब्लेझर अडकवून ठेवलेला. रांगेत माझ्यापुढे टेस्टिंगचा प्रसाद होता. एरवी खुर्चीत अर्धा आडवा होऊन काम करणारा हा माणूस तो ब्लेझर चढवून असा काही ताठ उभा राहिला, की एखाद्या संस्थानचा दिवाणच. माझी पाळी आली तरी मला हसू आवरेना. फोटोवाला म्हणाला, "छान, असंच हसत राहा." त्याला वाटलं मी कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. मला शालिनीताई आठवल्या होत्या. त्या तिथे असत्या तर त्यांनी प्रसादच्या चेहऱ्याकडे न बघता आधी त्याच्या पायांकडे बघितलं असतं.

शालिनी करमरकर. ठाण्याच्या. विमा कंपनीत आयुष्य काढलं, पन्नाशी उलटल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ग्रोनिंगनच्या विद्यापीठात पीएचडी करायला आल्या. विषय होता एकोणिसाव्या शतकातले स्टुडिओ-फोटो. इथल्या डच आणि आपल्याकडच्या मध्यमवर्गाने पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसताना स्वतःला कसं दाखवलं, हा. मी मास्टर्स करायला ग्रोनिंगनला गेले तेव्हा एका अरुंद गल्लीतल्या जुन्या घरात मला खोली मिळाली. वरच्या मजल्यावर तीन खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. एका खोलीत बॅटऱ्यांवर संशोधन करणारा नागपूरचा सारंग देशकर, एकीत मी आणि रस्त्याकडच्या खोलीत शालिनीताई. आम्ही दोघं पंचविशीच्या आतबाहेरचे, त्या आमच्या आयांच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी मी सवयीने "काकू" म्हणाले.

"काकू कुणाची गं?" त्या कांदा चिरता चिरता म्हणाल्या. "इथे माझा प्रोफेसरसुद्धा मला 'शालिनी' म्हणतो. ऐकलं की दहा वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटतं. ते तुम्ही पोरं पुन्हा मोठं नका करू."

नुसतं 'शालिनी' म्हणायला आमची जीभ रेटेना. शेवटी 'शालिनीताई'वर तडजोड झाली.

त्यांची डच भाषा हा आमच्या घरातला एक कायमचा आनंद होता. त्या डच शिकल्या होत्या जुन्या फोटोंच्या मागचा मजकूर आणि त्या काळची वर्तमानपत्रं वाचून. त्यामुळे त्यांचं डच दीडशे वर्षं जुनं होतं. उद्या कुणी पेठेतल्या दुकानात जाऊन 'राजमान्य राजश्री, अर्धा किलो रवा द्यावा' म्हणावं, तसं त्या बेकरीत पाव मागत. काउंटरवरचा कानात डूल घातलेला मुलगा आधी गोंधळायचा. नंतर नंतर तो त्यांना बघितल्यावर कमरेत वाकून उत्तर द्यायला लागला, आणि बाईंना ते अजिबात थट्टेचं वाटत नसे. "किती घरंदाज मुलगा आहे," म्हणायच्या.

आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ध्या भागात भाजी आणि अर्ध्या भागात त्यांचे फोटो असत. म्हणजे छापून आणलेल्या प्रती. पत्त्यांच्या पानांपेक्षा थोडे मोठे, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले तपकिरी चेहरे. त्या काळी लोक ते एकमेकांना भेट म्हणून देत. कोटातले डच शिक्षक, दुकानदार, त्यांच्या बायका. पगडी-उपरण्यातले आपले कारकून, मामलेदार, पायांत जोडे आणि शेजारी टेबलावर घड्याळ. मला सगळे सारखेच रागावलेले दिसायचे.

"रागावलेले नाहीत गं ते, अडकलेले आहेत," शालिनीताई म्हणाल्या. "फोटो निघायला किती वेळ लागायचा! हललं की चेहऱ्याचा धूर. म्हणून मागून लोखंडी दांडा लावून डोकं चिमट्यात धरायचे. आधी चेहरा बघू नये माणसाचा. आधी पाय बघावेत."

मी पाय बघितले. एका रुबाबदार सावकाराच्या दोन पायांच्या मागे तिसरा, लोखंडी पाय डोकावत होता.

"हा तीन पायांचा माणूस," त्या म्हणाल्या. "एकदा दिसायला लागला की सगळीकडे दिसतो."

आणि खरंच दिसायला लागला.

दुसऱ्याचा फोटो काढायची त्यांची एक पद्धत होती. कुणी फोन हातात देऊन "ताई, एक काढा ना" म्हटलं की त्या आधी विचारायच्या, "पाठवायचाय कुणाला?" मी आल्यानंतरच्या पहिल्या थंडीत कालव्याकाठी त्यांनी मला हेच विचारलं. मी म्हटलं, आईला.

"मग जॅकेट काढ आणि तिने विणलेला स्वेटर दिसू दे. टोपी घाल. थंडी वाजू दे, एक मिनिटाचा प्रश्न आहे."

"जॅकेट काढल्यावर आई ओरडेल."

"जॅकेट हातात धर. म्हणजे आहे हे तिला कळेल."

तो फोटो आईने शेजारपाजारी सगळ्यांना दाखवला. नंतर मी म्हटलं, आता इन्स्टाग्रामसाठी एक. त्यांनी मला एवढा वेळ न्याहाळलं की मीच ओशाळले. मग त्या म्हणाल्या, "ते कोण लोक आहेत ते मला माहीत नाही बाई. तुझं तूच काढ."

मग करोना आला. विद्यापीठ बंद, अभिलेखागार बंद. ज्या पेट्यांमधले फोटो बघायला ही बाई घरदार सोडून आली होती, त्या पेट्या सायकलने पंधरा मिनिटांवर कुलपात पडून राहिल्या. आम्ही तिघं त्या घरात कोंडलो गेलो. पहिले काही दिवस शालिनीताई गप्प होत्या. त्यांचा मुलगा बंगळूरला. तो रोज फोन करून म्हणायचा, "आई, कशासाठी बसली आहेस तिथे? पहिलं विमान मिळेल त्याने ये." त्या "बघते" म्हणायच्या आणि फोन ठेवून भांडी घासायला घ्यायच्या, घासलेलीसुद्धा.

त्यांना पुन्हा उभं केलं ते व्हिडिओ कॉलने. त्यांच्या विभागाचा साप्ताहिक चर्चासत्राचा वर्ग आता स्क्रीनवर भरू लागला, आणि पहिल्याच दिवशी त्या हाका मारत बाहेर आल्या. "अगं इकडे या, इकडे या! बघा!" स्क्रीनवर चौकटीचौकटींत प्राध्यापक मंडळी. प्रत्येकाच्या मागे पुस्तकांचं कपाट. एकाने तर कपाट दिसावं म्हणून स्वतःला एका कडेला ढकललं होतं.

"पडदा!" शालिनीताई माइक बंद करून आनंदाने म्हणाल्या. "स्टुडिओचा रंगवलेला पडदा! खांब नाहीत, पुस्तकं आहेत, एवढंच."

सारंग म्हणाला, "आणि तुम्ही ताई?"

त्या स्वतःकडे बघून खळखळून हसल्या. वर कडक इस्त्रीची नारायणपेठी, खांद्यावर चापून पिन केलेला पदर. टेबलाखाली सारंगने दिलेली ट्रॅकपँट आणि लोकरी मोजे. "मी कुठे म्हणाले मी वेगळी आहे म्हणून?"

त्याच वेळी मागे आमच्या कुकरने शिट्टी दिली, आणि बंद केलेला माइक बाईंनी हसण्याच्या भरात चालू केला होता. ग्रोनिंगन विद्यापीठातल्या सात विद्वानांनी ती ऐकली. एका प्राध्यापकाने काळजीने विचारलं की तुमच्याकडे आगीची घंटा वाजतेय का. ताईंनी शांतपणे सांगितलं, "नाही, डाळ झाली."

आमच्या समोरच्या घरात पोस्टमा आजी राहत. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. मुलगी दूर, कापेल आन डेन आयसेल नावाच्या गावी. तिलाही त्यांनी 'एवढ्यात येऊ नकोस' सांगितलं होतं. गल्ली एवढी अरुंद की आमची खिडकी उघडली की आजींच्या खिडकीशी बोलता यायचं. आजींचं आणि ताईंचं गूळपीठ असं खिडकीतूनच जमलं. शालिनीताईंचं पुराणं डच ऐकून आजींना म्हणे त्यांच्या शाळेतल्या पाद्र्याची आठवण यायची. फोटोंचा विषय निघाल्यावर आजींनी एक दिवस आमच्या दारात पिशवीत घालून घरचा अल्बम ठेवला. मखमली पुठ्ठा, पितळी कडी. शालिनीताईंनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि देव्हारा उघडावा तसा तो उघडला. कुलूपबंद पेट्यांच्या बदल्यात ही एक पेटी चालत घरी आली होती.

पहिल्याच पानावर आजींचे पणजोबा होते, हार्म. मखमली कॉलरचा लांब कोट, छातीवर घड्याळाची साखळी, एक हात जाड पुस्तकावर. घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते की हार्म धान्याचे व्यापारी होते. गल्लीतली काही हौशी मंडळी जुन्या रहिवाशांची एक छोटी पुस्तिका काढणार होती. त्यात हा फोटो द्यायचा होता, आणि खाली चार ओळी शालिनीताईंनी लिहाव्यात अशी आजींची इच्छा होती.

बाईंनी फोटो बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी लॅपटॉपवर आधी गोळा केलेले फोटो काढले. त्याच स्टुडिओतले चार वेगवेगळे पुरुष. एक बुटका, एक दाढीवाला, एक अगदीच कोवळा. चौघांच्या अंगात तोच कोट. वरून तिसरं बटण वेगळ्या जातीचं, कॉलरच्या टोकाला तीच शिवलेली फट. स्टुडिओ गिऱ्हाइकांना फोटोपुरता कोट घालायला देत असे. हार्मच्या मनगटावर तर बाही आखूडच पडली होती, आणि पुस्तकावर ठेवलेला तो हात! जाड, फुटलेली बोटं, एक करंगळी वाकडी होऊन तशीच जुळलेली. त्या भागात तेव्हा दलदलीतली काळी माती खणून, वाळवून जळण म्हणून विकत. ते खणणाऱ्या मजुरांचे हात असे व्हायचे. नंतर जुन्या छापील नोंदींत त्यांना हार्मचं नाव त्या मजुरांमध्येच सापडलं.

सारंग म्हणाला, "लिहून टाका ना ताई, व्यापारी म्हणून. ऐंशीच्या वरची बाई, एकटी. कुणाचं काय जातंय?"

"जातंय ना," त्या म्हणाल्या. "हार्मचं जातंय. व्यापाऱ्याला कोट घालायला काय लागतं? हा माणूस चिखलातून उठून, अंघोळ करून, शहरात चालत आला असेल. दुसऱ्याचा कोट घालून त्या चिमट्यात डोकं देऊन उभा राहिला. ते सगळं मी पुसून टाकू?"

"मग सांगा."

"सांगणं सोपं वाटतं तुला." त्यांनी अल्बम मिटला. मग म्हणाल्या, "आमच्या माहेरी पणजीचा फोटो आहे. हातात इंग्रजी पुस्तक. आमची आत्या सगळ्यांना सांगायची, त्या काळी आमची आजी इंग्रजी वाचायची. मी हा अभ्यास सुरू केला तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते पुस्तक स्टुडिओचं आहे. पणजीला अक्षरओळखसुद्धा नव्हती. शहाणपणा करून एका लग्नात मी ते चारचौघांत बोलले. आत्या माझ्याशी वर्षभर बोलली नाही."

"बरोबरच आहे आत्यांचं," मी म्हटलं.

"हो. पण आता मला वाटतं, त्या टेबलावर फुलदाणीही असणार. सगळ्याच स्टुडिओत असायची. बायका फुलदाणीला हात लावून उभ्या राहत. हिने पुस्तक उचललं. हे मी त्या लग्नात बोलायला हवं होतं."

आठवडाभर विचार करून शेवटी त्यांनी सांगायचं ठरवलं. उन्हाची दुपार होती. गल्लीत आमच्या भिंतीशी एक खुर्ची, समोरच्या भिंतीशी आजींची. मधून सायकली जात होत्या. मी पायरीवर बसून ऐकत होते. शालिनीताईंनी एकेक फोटो पुठ्ठ्यावर लावून उंच धरून दाखवला. बटण दाखवलं, शिवण दाखवली, हात दाखवला. आजींचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला.

"तुम्ही माझे पणजोबा काढून घेतलेत," त्या म्हणाल्या.

"नाही हो, पोस्टमा बाई," शालिनीताई म्हणाल्या. "फक्त कोट."

आजी उठल्या. खुर्ची आत घेतली, दार लावलं. त्यानंतर कितीतरी दिवस समोरचा पडदा सरकला नाही. शालिनीताई सकाळी उठल्या की आधी खिडकीशी जायच्या. "पुन्हा तेच केलं मी," म्हणायच्या. "बाई एकटी आहे गं. एक पणजोबा होता तिला सोबतीला." अल्बम परत करायचं धाडस होईना आणि ठेवून घेणंही जिवावर आलेलं.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात मटारच्या घट्ट सुपाचं पातेलं, आणि चार पावलं मागे पोस्टमा आजी.

"माझ्या वडलांसमोर आम्हाला 'चिखल' हा शब्द उच्चारायची बंदी होती," त्या म्हणाल्या. "बूट चिखलाने भरले तर ओल्या मातीने भरले म्हणायचं. आम्ही पोरं त्यावरून हसायचो. काल मला त्याचा अर्थ लागला. ऐंशी वर्षं मला हा माणूस फार चढेल वाटायचा, माहितीये? मला तो आवडायचाच नाही."

पुस्तिकेत त्या फोटोखाली दोघींनी मिळून ओळ लिहिली: 'हार्म पोस्टमा, माती खणणारे. कोट स्टुडिओचा, हात त्यांचे.' ती पुस्तिका माझ्याकडे आहे. छपाई सुमार आहे, पण करंगळी स्पष्ट दिसते.

दुसऱ्या वर्षी, भारतात ती भयंकर लाट आली तेव्हा, सारंगची आई गेली. ताप आला म्हणून फोन आला, मग दवाखान्यात जागा मिळाली म्हणून, आणि मग सगळं संपल्याचा. विमानं बंद होत होती. वडलांनीच निक्षून सांगितलं, येऊ नकोस. मोठ्या भावाने केले ते अंत्यसंस्कारही त्याला नीट बघायला मिळाले नाहीत. तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहायचा. शालिनीताई त्याच्याशी फारसं बोलत नसत. त्याच्यासमोर ताट ठेवत, आणि तो जेवेपर्यंत स्वतः काही तरी निवडत बसत.

तेराव्याच्या आधी भावाने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. भिंतीवर लावायचा, हार घालायचा. तिथल्या फोटो स्टुडिओवाल्याने घरबसल्या बनवून दिला होता. सारंगने तो बघितला आणि फोन टेबलावर आपटला.

"ही आई नाही!"

मी फोन उचलला. चेहरा काकूंचाच होता, कुठल्याशा लग्नातल्या गर्दीतून कापलेला. पण मानेखालचं सगळं दुसऱ्याच कुणाचं. मोरपंखी पैठणी, भारी कंठा, मागे निळं आकाश. मान आणि खांदा यांचा कोनसुद्धा जुळत नव्हता.

"माझ्या आईने जन्मात अशी साडी नेसली नाही," सारंग म्हणत होता. "गाऊन आणि वर ओढणी, अशी असायची ती. लोकांना दाखवायला कुणाच्या तरी धडावर चिकटवली तिला. ताई, तुम्हीच सांगा ना बाबांना. तुमचा विषय आहे हा."

मला वाटलं, आता ताई त्याची बाजू घेणार. आखूड बाह्या आणि वेगळी बटणं शोधणारी बाई, तिला हे कसं चालेल?  पण त्यांनी सारंगला फोनमधले आईचे सगळे फोटो दाखवायला सांगितलं. दुपारभर दोघं बघत बसले. शेकडो फोटो, आणि प्रत्येकात आई कडेला. कुणाच्या तरी वाढदिवसाला ताटं घेऊन आत येताना. दारामागे अर्धी. कॅमेऱ्यासमोर हात धरून 'नको रे' म्हणताना. शेवटी एक सापडला. गच्चीवर कुरडया घालताना मागे वळून ती कुणावर तरी हसतेय. गाऊन, ओढणी, पीठ लागलेला हात हलल्यामुळे अस्पष्ट.

"हा," सारंग म्हणाला. "हाच लावायचा."

"तू बाबांशी बोल," शालिनीताई म्हणाल्या. "हवं तर मी शेजारी बसते."

व्हिडिओ कॉल लागला. दाढी वाढलेले, खोल गेलेले देशकर काका. सारंगने भराभर सगळं सांगितलं, आवाज चढवूनच. हा फोटो खोटा आहे, ही आईची साडी नाही, लोकांना काय दाखवायचं तुम्हाला? काका ऐकत राहिले. मग शालिनीताईंनी हलकेच विचारलं, "भाऊ, ही साडी स्टुडिओवाल्याने निवडली का?"

"नाही जी," काका म्हणाले. "त्याने आठ-दहा पाठवल्या होत्या. लाल होती, चॉकलेटी होती. मी निवडली." ते भिंतीकडे बघत म्हणाले, "सारंगच्या मुंजीच्या वेळी सीताबर्डीच्या दुकानात हिने अशीच मोरपंखी हातात घेतली होती. किती वेळ हात फिरवत होती. मी म्हटलं, पुढच्या दिवाळीला घेऊ. मग ते राहूनच गेलं. तिने कधी आठवण दिली नाही. लोकांसाठी नाही जी. तिला हवी होती ती."

 सारंगने हाताने तोंड झाकून घेतलं. शालिनीताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तोच लावा. फार छान दिसतायत वहिनी."

तिकडे नागपूरला तो फोटो भिंतीवर लागला. गच्चीवरचा फोटो शालिनीताईंनी छापून आणला आणि सारंगच्या खोलीत टेबलावर ठेवला. त्या संध्याकाळी त्यांनी मला म्हटलं, "एवढी वर्षं मी ह्या लोकांची बटणं मोजतेय. कोट कुणाचा होता ते मला कळतं. तो कुणाच्या आवडीचा होता, हे मी कधी विचारलंच नव्हतं." मग त्यांनी प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण काढून टाकून नव्याने लिहायला घेतलं. मार्गदर्शक वैतागले. मुलगा वैतागला; त्याला वाटत होतं आई आता परत येईल. त्या म्हणाल्या, "येते रे. चुकीचं लिहून ठेवून कशी येऊ?"

निर्बंध उठले त्या वसंतात त्यांची तोंडी परीक्षा झाली. इथली पद्धत अशी की उमेदवाराच्या दोन बाजूंना त्याची दोन जवळची माणसं उभी राहतात. एका बाजूला सारंग होता, दुसऱ्या बाजूला मी. समोर काळ्या झग्यांतले परीक्षक, प्रेक्षकांत पहिल्या रांगेत पोस्टमा आजी आणि कापेलहून आलेली त्यांची मुलगी. बंगळूरचा मुलगा स्क्रीनवरून बघत होता. एका परीक्षकाने विचारलं, "थोडक्यात, हा नवा मध्यमवर्ग कॅमेऱ्यासमोर खोटं बोलत होता, असं म्हणायचं का?"

शालिनीताईंनी सारंगकडे बघितलं. त्याने मान हलवली, आधी ठरल्याप्रमाणे. मग त्यांनी नागपूरच्या एका नवऱ्याची गोष्ट सांगितली, नाव न घेता. शेवटी म्हणाल्या, "खोटं बोलणाऱ्याला कुणाला तरी फसवायचं असतं. ह्या माणसांनी कुणाला फसवलं ते शोधायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. मला सापडलं नाही."

परीक्षकांनी हातातला कागद मिटला. "माझा दुसरा प्रश्न नाही," ते म्हणाले.

तोपर्यंत मला हूफडॉर्पला, विमानतळाजवळच्या गावात, नोकरी लागली होती. भारतात परत जाताना विमान सकाळचं होतं म्हणून त्या आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला आल्या. दोन बॅगा, त्यातली एक नुसत्या पुस्तकांची. मला किती काय बोलायचं होतं. अनोळखी देशातली ती कोंडलेली दोन वर्षं मी धड पार पाडली ती ह्या बाईमुळे, आणि सारंग तर उभा राहिला तोच त्यांच्यामुळे. पण आम्ही दोघींनी बसून फक्त मेथी निवडली आणि बॅगेचं वजन पुन्हा पुन्हा केलं. आभाराचं मी काही तरी चाचरत बोलायला लागले तर म्हणाल्या, "अगं, मला तरी कोण होतं? तुम्ही दोघं नसतात तर करोनाच्या पहिल्याच महिन्यात मी पळाले असते."

त्या आता साताऱ्याला एका महाविद्यालयात शिकवतात. फोन होतात, पण भेट त्यानंतर झालेली नाही.

सकाळी स्किपोल विमानतळाच्या बसपर्यंत मी सोडायला गेले. विमानतळावर येऊ दिलं नाही, "ऑफिस आहे ना तुला?" वारा सुटला होता. बॅगा चढवताना ड्रायव्हर उतरून मदतीला आला. बसमध्ये गर्दी होती, आणि त्यांना मागे तोंड करून बसायची जागा मिळाली. बस सुटली. त्यांनी हात हलवला नाही, दोन्ही हातांनी बॅगा धरून ठेवल्या होत्या. पण तोंड माझ्याकडे होतं, त्यामुळे बस वळणापर्यंत जाईतो मला तो चेहरा दिसत राहिला, लहान लहान होत गेलेला. त्या काही तरी बोलत होत्या. काचेतून ऐकू येत नव्हतं. मी मोठ्याने "हो" म्हटलं.

बस वळली. मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले, मग ऑफिसला गेले.